नकोबाईचा नकार

गेल्या अठ्ठावीस वर्षांत तिने 'नको' हा शब्द तोंडातून काढला नव्हता. खोटं वाटेल, पण तसंच होतं. आपण दिवसभरात तो किती वेळा म्हणतो, आठवून बघा जरा: चहा नको, पिशवी नको, पंखा नको, उगाच कटकट नको. ती म्हणायची नाही. चहा विचारला तर 'आत्ताच झाला', पिशवी विचारली तर 'आहे माझ्याकडे', आणि अगदीच गळ्याशी आलं तर 'राहू दे'. पोटच्या पोरीला दटावतानाही 'पळू नकोस' नाही, 'हळू चाल' म्हणायची. बाळंतपणात कळा येत होत्या तेव्हा नर्सचा हात पिरगाळला, दातओठ खाल्ले, पण तो शब्द काही बाहेर पडू दिला नाही.

त्या बिचाऱ्या शब्दाने हिचं एवढं काय घोडं मारलं होतं? तर हिने तो उच्चारला की लोक हसायचे. कुत्सितपणे हसले असते तर परवडलं असतं, चार शिव्या तरी देता आल्या असत्या. हे मेले प्रेमाने हसायचे. टाळ्या पिटायचे. 'अय्या, परत म्हण ना!' म्हणायचे. कारण ती नकोबाई होती. पुस्तकातली, अस्सल, जिच्यावरून सगळं सुरू झालं ती.

ज्यांच्या घरी गेल्या तीस वर्षांत एखादं न जेवणारं पोर होऊन गेलं असेल, त्यांना नकोबाई वेगळी सांगायला लागणार नाही. कपाळावर सरळ कापलेले केस, डाव्या भुवईवर तीळ, फुगलेले गाल आणि घट्ट मिटलेलं तोंड. अकरा पुस्तकं झाली. प्रत्येकात एक भाजी नटूनथटून नकोबाईच्या ताटात येते, गोड बोलते, विनवण्या करते, आणि नकोबाई मान फिरवते. 'नको मला मुळा, नको मटार, नकोबाईच्या तोंडाला लागलं दार!' हे पोरं चालीवर म्हणतात. मग भाजी डोळे पुसत शेजारच्या मुलांकडे जाते, ती मुलं मिटक्या मारत खातात, टुणटुणीत होतात, आणि शेवटच्या पानावर नकोबाई एकटीच बसलेली, तोंड मिटून. अकराच्या अकरा पुस्तकांत तिने एक घास खाल्लेला नाही. खाल्ला असता तर पुढचं पुस्तक कुठून येणार होतं?

ही पुस्तकं लिहिणारी आणि त्यांतली चित्रं काढणारी बाई म्हणजे हिची आई. सुरुवातीला पोरं तिला भाजीताई म्हणायची, मग भाजीमावशी, आता भाजीआजी. सरकारी नोकरीत मिळाली नसती अशी बढती तिला वेळच्या वेळी मिळत गेली. लेकीला मात्र सहाव्या वर्षी जे पद मिळालं, त्याच पदावर ती छत्तिसाव्या वर्षीही होती.

आठ वर्षांची असताना एकदा मधल्या सुट्टीत चार मुलींनी तिचे हात धरले आणि पाचवीने कुणाच्या तरी डब्यातलं गाजर तिच्या तोंडात कोंबलं. ती जिवाच्या आकांताने 'नको, नको' ओरडत होती. गाजर टाळूला लागलं, रक्त आलं. वर खिडकीत वर्गाच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी धावत यायचं ना? त्या हसत होत्या. शेजारच्या बाईंना बोलावून म्हणाल्या, "ऐका, ऐका, अगदी पुस्तकातल्यासारखी म्हणते!" त्या दिवशी घरी जाताना तिने ठरवलं की हा शब्द आता आपला राहिला नाही, ज्यांचा असेल त्यांनी वापरावा.

आणि गंमत म्हणजे, गंमत कसली डोंबलाची, तिला भाज्या आवडायच्या. मावशीकडे गेली की मटार सोलता सोलता निम्मे फस्त करायची. पालक, बीट, दुधी, काय वाढाल ते. घरीच तेवढा घास घशाखाली उतरत नसे. त्याचं कारण आईची कामाची पद्धत.

आईची पेन्सिल समोर वस्तू असल्याशिवाय चालत नसे. दुधी काढायचा तर दुधी समोर हवा. ती बाजारातून छान बघून आणायची, खिडकीपाशी पांढऱ्या कापडावर ठेवायची, बाजूला मोठा दिवा लावायची, आणि चकाकी दिसावी म्हणून कापसाने ग्लिसरीन फिरवायची. तीन दिवस, कधी चार दिवस भाजी त्या दिव्याखाली तापत पडायची. पालक मान टाकायचा, वांग्याला सुरकुत्या यायच्या, दुधीला बुळबुळीत पाणी सुटायचं. चित्र पुरं झालं की आई ती उचलायची आणि धुऊन चिरायची, कारण अन्न टाकायचं नाही. तिला स्वतःला वास येत नसे. वर्षानुवर्षं रंगांच्या आणि टर्पेंटाइनच्या वासात बसून तिचं नाक कामातून गेलं होतं. जेवणात तिचं लक्षही नसायचं, चहात पाव बुडवून उभ्या उभ्या खायची. वडील फिरतीवर. म्हणजे ती आंबूस भाजी खायला घरात उरलं कोण, तर सहा वर्षांचं पोर.

पोर म्हणालं, नको.

आईने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातला डाव खाली ठेवला. पेन्सिल घेतली. "थांब, थांब, अशीच थांब. ओठ तसेच ठेव." पोर भुकेलेलं, समोर ताट, आणि आई चित्र काढतेय. कौतुकाने तिचे डोळे चमकत होते. तिने आपल्याकडे इतकं टक लावून याआधी कधी पाहिलं नव्हतं, हेही पोराच्या लक्षात राहिलं. पहिलं पुस्तक त्याच आठवड्यात लिहून झालं.

तर अशी ही नकोबाई आता चष्म्याच्या दुकानात कामाला होती. पुढे काउंटर, मागे एक बोळासारखी खोली, त्यात काचा घासायचं चाक. चाकावर पाणी टिपटिपत असायचं आणि ती काच फिरवत फिरवत तिची कड फ्रेमच्या मापाला आणायची. केसाएवढी जास्त घासली गेली की काच गेली, ती पुन्हा वाढत नाही. तिला ते काम फार आवडायचं. चाक सुरू असलं की कुणी बोलायला येत नसे. मालक अधूनमधून दारातून डोकावून "काय नकोबाई, भजी खाणार का?" म्हणून आपल्याच विनोदावर खिदळायचे, पण तेवढं कुठेही चालतंच.

तिला एक मुलगी होती, सात वर्षांची. समोरचे दोन दात मोठे आणि हातात सतत काहीतरी कुरतडायला, म्हणून सगळे तिला खारू म्हणायचे. खारूची शाळा दुपारी सुटे आणि आईचं दुकान संध्याकाळी. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, पंधरा दिवसांतून एकदा यायचा. मग दुपारभर खारू आजीकडे. दुसरं कुठे ठेवणार? पाळणाघराचं नाव काढलं असतं तर आजीने घर डोक्यावर घेतलं असतं.

एका संध्याकाळी ती खारूला न्यायला गेली तेव्हा आईने बळेच जेवायला बसवलं. पुस्तकं हल्ली खपत नाहीत, प्रकाशक नवीन काहीतरी द्या म्हणून मागे लागलाय, हे सगळं रडगाणं गाऊन झालं. मग ताटात भाजी वाढता वाढता आई सहज म्हणाली, "मी म्हणते, खारूलाच घेतलं पुस्तकात तर?"

त्या एका शब्दाची गरज आयुष्यात कधी पडली असेल तर ती आत्ता, हे तिला कळत होतं. जीभ टाळूला चिकटून राहिली.

"राहू दे गं आई," ती म्हणाली. "तिला कशाला त्यात."

"बरं," आई म्हणाली. "अजून थोडी वाढू?"

"राहू दे."

आईने वाढली. तिने खाल्ली. आणि बरं म्हणाली म्हणजे विषय संपला, असं समजून ती बया निश्चिंत झाली.

पुढच्या महिन्यात खारूचं काहीतरी बिनसलेलं दिसायला लागलं. बिनसलेलं तरी कसं म्हणायचं, उलट पोर भलतंच शहाणं झालं होतं. कच्चं बीट मागायची. पानातलं सगळं संपवायची आणि कुणी बघतंय का ते बघायची. एकदा गाजराचा तुकडा दातात धरून ती खिडकीकडे गाल करून अगदी पुतळ्यासारखी बसली. विचारलं तर म्हणाली, "गुपित आहे. आजीचं आणि माझं." नकोबाईच्या मनात पाल चुकचुकली. पण तिने मान झटकली. आपल्याच आईवर किती संशय घ्यायचा माणसाने.

मग एका शुक्रवारी प्रकाशक दुकानात आले. गोल गरगरीत, आनंदी गृहस्थ, लहानपणापासून तिला ओळखणारे. "अहो नकोबाई, वाचवा! चष्म्याची दांडी तुटली आणि रविवारी वाचनालयात प्रकाशन, माइकवर वाचायचंय!" तिने दांडी बदलली, काच जरा सैल होती ती बसवली, आणि वाचून बघायला बारीक अक्षरांचं कार्ड त्यांच्यापुढे धरलं.

"कार्ड कशाला, हेच वाचतो की!" म्हणून त्यांनी पिशवीतून एक कोरं करकरीत पुस्तक काढलं आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले. "नकोबाई झाली मोठी, नकोबाई झाली आई, तरी तिच्या तोंडाचं दार काही उघडत नाही..."

मुखपृष्ठावर एक जाडसर बाई होती. डाव्या भुवईवर तीळ, ओठ घट्ट मिटलेले. तिच्यापुढे चमचा धरून एक मुलगी उभी, समोरचे दोन दात मोठे. वर लिहिलं होतं, 'नकोबाईची हवीताई'.

"हे कधी झालं?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

"चेष्टा करता काय! तुमची परवानगी घेतलीय म्हणाल्या आई. बांधणी होऊन आलीसुद्धा. यात शेवटी तुम्ही खाता बरं का! हवीताई भरवते तेव्हा. अहो, तीस वर्षांनी पहिला घास! मी छापखान्यात उभा राहून रडलो."

तिने मागे जाऊन चाक बंद केलं, ओले हात ओढणीला पुसले आणि मालकांना न सांगता सरळ आईच्या घराचा रस्ता धरला. रस्ताभर ती बोलत होती, मोठ्याने, एकटीच. काय काय बोलायचं ते सगळं घोकून घेतलं. आज ती ऐकवणारच होती.

आई नेहमीच्या जागी, खिडकीपाशी. समोर दिव्याखाली फुलकोबीचा गड्डा.

"तू मला शब्द दिला होतास," ती दारातूनच म्हणाली.

आईला क्षणभर काही उमगेना. मग उमगलं. "प्रकाशकाच्या पोटात काही राहत नाही! मी तुला रविवारी चकित करणार होते."

"मी सांगितलं होतं ना, तिला घ्यायचं नाही म्हणून?"

"कधी? मी विचारलं तुला, याच टेबलावर विचारलं. तू 'राहू दे' म्हणालीस."

"मग राहू दे म्हणजे काय?"

"राहू दे म्हणजे राहू दे! अजून वाढू का विचारलं की तू राहू दे म्हणतेस, मी वाढते, तू खातेस. जन्मभर हेच चाललंय आपलं. मला वाटलं भीड पडतेय तुला. खरंच मनात नव्हतं तर स्पष्ट म्हणायचं होतंस, नको. दोन अक्षरं तर आहेत."

बोलणं तर खरं होतं. तिला आईचा राग आलाच, पण त्याहून स्वतःचा आला, आणि त्या रागाच्या भरात तिने जे कधीच बोलायचं नाही असं ठरवलं होतं ते बोलून टाकलं. त्या दुधीबद्दल. वासाबद्दल, चिकट पाण्याबद्दल. "चार चार दिवस दिव्याखाली सडवलेली भाजी वाढायचीस तू मला. ग्लिसरीन लावलेली. मला भाजीचा तिटकारा नव्हता आई, मला उलटी यायची."

आईचा चेहरा उतरला. तिने फुलकोबीकडे पाहिलं, मग हाताकडे. "मला वास येत नाही गं," ती हळूच म्हणाली. "तुला ठाऊक आहे, मला येत नाही. मग शिळं आहे म्हणून तू सांगायचं नाहीस का?"

"सांगत होते. रोज सांगत होते. सहा वर्षांच्या पोरीला जेवढे शब्द येतात तेवढ्यांत सांगत होते. तू त्याची पुस्तकं काढलीस."

आईने तोंडावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी आलं, खरंखुरं. लेकीला वाटलं, पोचलं. तीस वर्षांनी का होईना, पोचलं एकदाचं. तिचा सगळा राग वितळायला लागला, पुढे होऊन आईच्या खांद्यावर हात ठेवावा असंही मनात आलं. तेवढ्यात आईने तोंडावरचा हात काढला आणि टेबलावर चाचपून पेन्सिल उचलली.

"काय म्हणालीस? सहा वर्षांच्या पोरीला जेवढे शब्द येतात... पुढे काय? परत म्हण, राहून जाईल."

आणि ती लिहून घेत होती, कागदाच्या मागच्या बाजूला, नाक ओढत.

खारू आतून धावत आली ती याच वेळी. आईच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "कळलं का तुला? रविवारी मी वाचणार आहे! आई, मी ना कारल्याची चकती कच्ची खाल्ली, न रडता! आजी म्हणाली, तुझी आई रडायची." तिच्या तोंडावर जी खुशी होती ती बघून नकोबाईचं अर्धं अवसान तिथेच गळालं. घरी डांबून ठेवली असती पोरीला, तर पोरीच्या लेखी दुष्ट कोण ठरलं असतं?

शेवटी तिने मांडवली केली. छापलं ते छापलं. पण रविवारी खारू खाली खुर्चीत बसून वाचेल, तिला मंचावर उभं करायचं नाही. आणि यापुढे तिचं एकही चित्र काढायचं नाही, एकही पुस्तक नाही. हे पहिलं आणि हेच शेवटचं. "कबूल?" तिने दोनदा विचारलं.

"बरं बाई, बरं," आई म्हणाली.

रविवारी वाचनालयाचं सभागृह पोरांनी नुसतं बुजबुजलं होतं. भिंतीपाशी लांब टेबलावर वाफवलेल्या भाज्यांचे कागदी पेले मांडलेले, प्रत्येकात लाकडी चमचा. दुसऱ्या रांगेत ती बसली, शेजारची खुर्ची खारूची. पाच मिनिटं झाली, दहा झाली, खुर्ची रिकामीच. आजीबरोबर आत गेलेली खारू थेट मंचावर उगवली. नवा झगा, केस कपाळावर सरळ कापलेले. सकाळपर्यंत ते लांब होते.

खारूने छान वाचलं. न अडखळता, हातवारे करून वाचलं. पोरं खूश, आया खूश. मग भाजीआजींनी माइक घेतला. "बाळांनो, नकोबाई आता म्हातारी व्हायला लागली. पण काळजी करू नका! आजपासून हवीताई आली आहे. तिची बारा पुस्तकं येणार आहेत, दर वर्षी दोन. आणि आज तुमच्यासाठी एक गंमत आहे. खरीखुरी नकोबाई या सभागृहात बसली आहे!"

सगळ्या माना वळल्या. 'नकोबाई! नकोबाई!' पोरं खुर्च्यांवर चढली. प्रकाशकांनी येऊन तिचा हात धरला, पण ओढायची वेळ आली नाही. ती स्वतःच उठली. अंगाची नुसती लाही होत होती. ती मंचावर चढली ती पोरीला दंडाला धरून खाली आणायला, दुसऱ्या कशाला नाही. पण आई मध्ये उभी होती, माइक हातात, चेहरा प्रेमाने ओसंडलेला. आणि खारू पुढे आली. तिच्या हातात कागदी पेला, चमच्यावर गाजर-मटार.

"आई, आ कर."

तिने आईकडे पाहिलं. जन्मदात्या आईकडे. आणि अठ्ठावीस वर्षं गिळून ठेवलेला तो शब्द पोटाच्या तळापासून वर आला.

"नको," ती म्हणाली. "नको आई. माझ्या पोरीला यात घालू नकोस. नको. मला हे नको आहे."

माइक जवळ होता. सगळ्यांना स्पष्ट ऐकू गेलं.

आणि मग सभागृह असं काही फुटलं म्हणता! पोरं किंचाळली, नाचली, पाय आपटले. "नको म्हणाली! नको म्हणाली!" आया हसून हसून डोळे पुसत होत्या. प्रकाशक मांडीवर थापा मारत होते. मागे कुणीतरी सुरुवात केली आणि तीनशे पोरं एका सुरात म्हणायला लागली, 'नको मला मुळा, नको मटार...' तिने पुन्हा म्हटलं, ओरडून म्हटलं. जितकं ओरडली तितकं लोक हसले. तिला रडू फुटलं, तर म्हणाले, काय अभिनय करते!

आईने तिला मिठी मारली. तिच्या कानाशी आईचा आवाज गदगदला होता. "म्हणालीस गं! किती वर्षांनी म्हणालीस माझी बाय!" त्यात खोटं काही नव्हतं. म्हातारीला खरोखर आनंद झाला होता, आणि त्या आनंदावर काही उपायच नव्हता.

"आई," खारूने तिचा पदर ओढला. आवाज रडवेला झाला होता. "उघड ना तोंड. सगळे बघतायत. माझं चुकेल."

तिने पोरीकडे पाहिलं. मग तोंड उघडलं.

भाजी ताजी होती. मीठ बेताचं, गाजर नीट शिजलेलं. चांगली झाली होती. टाळ्या थांबेनात.

नंतर सह्यांसाठी टेबल मांडलं. मध्ये आजी, एका बाजूला खारू, दुसऱ्या बाजूला ती. खारू जीभ बाहेर काढून मोठ्या अक्षरांत 'हवीताई' लिहीत होती. रांग दारापर्यंत. ती येईल त्या पुस्तकावर सही करत होती आणि कुणाकडे बघत नव्हती.

एका बाईने पुस्तक पुढे केलं. तिच्या बोटाला धरून चार-पाच वर्षांची मुलगी होती, हडकुळी, ओठ एकावर एक आवळून धरलेले. बाईच्या दुसऱ्या हातात भाजीचा पेला. "हिला तुमच्याशिवाय कुणी आवडत नाही," ती बाई म्हणाली. "अकराही पुस्तकं उशाशी घेऊन झोपते. जेवताना म्हणते, नकोबाई माझ्या बाजूने आहे. नाकी नऊ आणलेत हो हिने. घशाशी कसलीतरी गाठ आल्यासारखं होतं म्हणते, डॉक्टर म्हणतात काही नाही, नखरे आहेत. बघ गं, आता नकोबाईनेसुद्धा खाल्ली! पाहिलंस ना?"

मुलगी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून नकोबाईकडे बघत राहिली. रागाने नव्हे. कुणीतरी निघून गेल्यावर बघतात तसं.

"तू का खाल्लीस?" तिने विचारलं.

नकोबाई टेबलावरून पुढे वाकली. या एका पोरीला तरी खोटं सांगायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं.

"मी नको म्हणाले होते," ती हळूच म्हणाली. "तू ऐकलंस ना?"

मुलीने मान हलवली. ऐकलं होतं. "मग?"

"मग सगळे हसले."

मुलीने थोडा विचार केला. तिला समजलं असावं. ती आपल्या आईकडे वळली, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"अगंबाई!" त्या बाईला काय करू नि काय नको झालं. तिने घाईघाईने चमचा भरला, पोरीच्या तोंडात घातला, पोरीने गिळला, दुसरा घातला, तोही गिळला. पोरीच्या बंद डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते बघायला बाईला फुरसत नव्हती. ती नकोबाईचा हात दोन्ही हातांत धरून हलवत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "तुमचे आभार कसे मानू? सांगा, कसे मानू?"